शेवटचं गायलं तेच खरं

रविवार, २९ जुलै

चातुर्मास लागला. लग्नं बंद, म्हणजे मंगल कार्यालय आपलं. मोसमातला पहिला कार्यक्रम, सकाळी साडेनऊ. रविवारी सकाळी आंघोळ-नाश्ता उरकून वाजवणारा रॉक बँड पुण्यात आमचा एकच. नावसुद्धा इथल्या मॅनेजरनेच दिलेलं, बावीस वर्षांपूर्वी. "भाकड दिवस आहेत, घ्या हॉल," म्हणाला होता. दादाला शब्द आवडला. तेव्हापासून आम्ही ‘भाकड’.

दीडशेच्या आसपास माणसं. दारात परात, परातीत सगळ्यांचे मोबाइल. दादा नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीत, पांढरा शर्ट, खिशात टेस्टर. बबन गिटारवर, मी ड्रमवर. सगळं नेहमीचं.

तिसरं गाणं ‘पाणी येऊन गेलं’. दादा ते एस.टी. स्टँडवरच्या घोषणेसारखं म्हणतो, एका सुरात, आणि लोक वेडे होतात. तिसऱ्या कडव्यात थांबला. मला वाटलं मुद्दाम. मग त्याच्या पायाकडे लक्ष गेलं. गाताना दादाचा उजवा पाय कधी थांबत नाही. तो थांबला होता. मी वाजवत राहिले. चार मात्रा, आठ, सोळा. मग पुढची ओळ आली, मधली एक गेली ती गेलीच.

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. हर्डीकर काका उभे राहून टाळ्या वाजवत होते! एकोणीस वर्षं एकही कार्यक्रम न चुकवता, पहिल्या रांगेत, घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीत बसणारा माणूस. त्यांना उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

नंतर वधूपक्षाच्या खोलीत विचारलं, "दादा, मधे काय झालं?"

"कुठे काय झालं?"

खोटं बोलत नव्हता.

सोमवार, ३० जुलै

नववीला भूगोल. फळ्यावर नद्या काढताना माझे आणि दादाचे वडील, अप्पाच डोळ्यांसमोर. त्यांचं चौपन्नाव्या वर्षी सुरू झालं. आधी किल्ल्या, मग नावं. एकदा आईकडे बोट दाखवून मला हळूच विचारलं, या बाई कधी जाणार?

दादा बावन्न. मी पंचेचाळीस. हे आकडे लिहायची काही गरज नव्हती.

गुरुवार, २ ऑगस्ट

शाळेतून थेट कसब्यात, दादाच्या दुकानात. पंख्याची मोटर उघडून तार गुंडाळत होता. माझ्याशी बोलतोय आणि तोंडातल्या तोंडात वेढेही मोजतोय. एक चुकला नाही. बरं वाटलं.

मग मंगलवहिनी डबा घेऊन आली. हसत सांगत होती, परवा एकाचा मिक्सर दुसऱ्याला दिला, दुसऱ्याचा पहिल्याला. दादा म्हणाला, "दोन्ही चालू झाले ना? मग तक्रार कशाची?" अगदी दादाचंच उत्तर. मी पण हसले.

निघेपर्यंत तीनदा विचारलं, चहा घेतलास का. दुसऱ्यांदा वहिनीचं हसू थांबलं. तिसऱ्यांदा ती डबा घासायला गेली, आणि डबा तर अजून भरलेलाच होता.

रविवार, १९ ऑगस्ट

आज जे पाहिलं ते कुणाला सांगू? नीट लिहिते.

आम्ही गाणं लिहीत नाही, टेप करत नाही, करू देत नाही. पहिल्या वर्षी दादाची वही बसमध्ये राहिली. तो म्हणाला, आठवतील ती आपली, बाकीची बसची. दुसरा नियमही त्याचाच. ओळी बदलायची त्याला खोड, लोक भांडायचे, मागच्या वेळी असं नव्हतं म्हणून. वैतागून एकदा म्हणाला, शेवटचं गायलं तेच खरं. झालं! ते आता भाकडवाल्यांचं व्रत आहे. कार्यक्रमाआधी पायऱ्यांवर बसून जुने नव्यांना गाणी शिकवतात, चुकलं तर टोकतात.

तर आज ‘पाणी’चं तिसरं कडवं आलं. मी देवाचं नाव घेत वाजवत होते, आणि दादाला ओळ आठवली होती! पाय चालू होता, मान वर झाली, तोंड उघडलं.

समोर दीडशे माणसांनी एकाच वेळी तोंडावर हात ठेवले. हूं नाही की चूं नाही. मागच्या वेळी जेवढं थांबला होता तेवढंच, सोळा मात्रा.

दादाने ते पाहिलं. गोंधळला. उघडलेलं तोंड मिटलं.

त्याला येत होतं. त्यांनी येऊ दिलं नाही. आणि किती प्रेमाने!

मंगळवार, २१ ऑगस्ट

नियम मोडला. या वहीच्या शेवटच्या पानापासून उलटी गाणी लिहायला घेतली. एकूण एक्केचाळीस. दार लावून बसले होते, चोरी केल्यासारखी.

नळ उघडा होता, मीच बंद होतो
पाणी येऊन गेलं, मी घरात नव्हतो

इथपर्यंत झरझर. दुसरं कडवंही आलं. तिसरं: बादलीच्या बुडाशी थोडं...

थोडं काय? थोडं काय उरलं होतं बादलीत?

बावीस वर्षं त्या ओळीखाली झांज मारतेय मी. पुढे रिकामं.

बबनला हडपसरला फोन. म्हणाला, "ताई, मला शब्द कुठं कळत्यात? मी दादांच्या मानंकडं बगून वाजवतो. मान वर झाली की बदल."

वहिनीला विचारायचं धाडस नाही. दादाला तर नाहीच. आणि खरी भीती वेगळीच आहे. दादा विसरला ते समजू शकते. मी का विसरले?

रविवार, ९ सप्टेंबर

आणखी दोन ओळी गेल्या. एक ‘मीटर’मधली, एक ‘जिना’मधली. लोक खूश. पायऱ्यांवर एक दाढीवाला मुलगा दोघींना समजावत होता, "दादा आता सबट्रॅक्शन करतायत. शब्द काढून घ्यायचे, ऐकणाऱ्याने भरायचे. टोटल जिनियस." दोघी माना डोलवत होत्या. त्याला परातीतला मोबाइल फेकून मारावा असं वाटलं. कसलं वजा करणं रे? माणूस चाललाय माझा.

मुंबईची कंपनी कॅसेट काढायला दोनदा आली, दादाने चहा पाजून परत पाठवली. टीव्हीवाले आले, त्यांना म्हणाला, कॅमेरा परातीत ठेवा. तेव्हा मला कोण अभिमान! आज वाटतं, एक कॅसेट निघाली असती तर काय बिघडलं असतं? आम्हीच आमच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि वर त्याला तत्त्व म्हणालो.

वहिनीशी बोलले शेवटी. ती म्हणाली, "काही झालेलं नाही त्यांना. लोक टाळ्या वाजवतायत ना? उगाच वाजवतील?" पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे होते.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

हर्डीकर काकांकडे गेले. बेल वाजवून पाच मिनिटं उभी. दार उघडून म्हणाले, "आपण? फोन करून येतात लोक." पण आत घेतलं.

सरळ विचारलं. काका, ‘पाणी’च्या तिसऱ्या कडव्यातली जुनी ओळ सांगा.

"जुनी ओळ नाही. तिथे सोळा मात्रा शांतता आहे."

म्हटलं, त्याच्या आधी काय होतं?

"शेवटचं गायलं तेच खरं. नियम आपलाच आहे, आम्ही फक्त पाळतो."

मग मी रडले. परक्याच्या घरात, त्यांच्या स्वच्छ सतरंजीवर. सगळं सांगून टाकलं. दादा मुद्दाम थांबत नाहीये. अप्पांचं सांगितलं. ते मी न मागता पाणी घेऊन आले.

"मुली," म्हणाले (आयुष्यात पहिल्यांदा आपण सोडून मुली), "पाठ केलेलं विसरायला फार कष्ट पडतात. मी आठ दिवस सराव केला. रोज सकाळी फिरताना गाणं म्हणायचो आणि तिथे गप्प राहायचो. आता शोधतोय, पण खरंच नाही येत."

डोळे मिटून बराच वेळ ओठ हलवत बसले. बादलीच्या बुडाशी थोडं... बादलीच्या बुडाशी थोडं...

नाहीच आलं. उठताना म्हणाले, हे कुणाला सांगू नका. लोकांचं मन मोडेल.

लोकांचं!

बुधवार, ३ ऑक्टोबर

डॉक्टर. वहिनी आली नाही, देवाला गेली.

डॉक्टर म्हणाले, तीन शब्द लक्षात ठेवा. किल्ली, चिंच, रविवार. मग इकडचं तिकडचं बोलून पाच मिनिटांनी विचारले. दादा म्हणाला, "दोन तुम्ही सांगा, तिसरा मी सांगतो." डॉक्टर हसले नाहीत. घड्याळ काढायला दिलं. दादाने गोल असा काढला की कंपासने नसता आला. आकडे मात्र सगळे एका बाजूला, दाटीवाटीने. उरलेलं अर्धं घड्याळ मोकळं.

तपासण्या लिहून दिल्या. "आत्ताच काही ठरवू नका. पण जे जपायचं असेल ते लिहून ठेवा."

बाहेर रसवंतीत बसलो. दादा ग्लासकडे बघत म्हणाला, "मला माहितेय गं. अप्पांचंच आहे."

मी ग्लास खाली ठेवला.

"लिहायचं नाही. तू पण नाही. शपथ घे."

घेतली. त्याच्या गळ्याची. वहीत मागे सव्वीस गाणी लिहून झालेली आहेत.

"आणि एक. मला त्या खुर्चीतून उठवू नका. सगळं गेलं तरी बसेन मी. तेवढं करशील?"

हो म्हणाले. त्याने निम्मा रस माझ्या ग्लासात ओतला, लहानपणी ओतायचा तसा.

घरी आल्यापासून स्वतःशी म्हणतेय. किल्ली, चिंच, रविवार. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. खोटी शपथ खाल्ली त्याचं काय होईल ही भीती वेगळीच. मी असलं मानत नाही. तरीपण.

रविवार, ७ ऑक्टोबर

पितृपक्ष, हॉल एकदम स्वस्तात. आज पाच ठिकाणी शांतता.

‘जिना’मधली ओळ मला येत होती. वहीत आहे. वाटलं, आपणच म्हणून टाकावी, म्हणजे तीच शेवटची, तीच खरी. नियमाने नियम मोडायचा. ती जागा आली आणि मी ड्रममागून मोठ्याने गायले.

"श्शऽऽ!" सगळा हॉल. हर्डीकर काका तेवढे खाली बघत होते.

दादाने मागे वळून पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर चाललं असतं. त्याने पाहुण्यांकडे बघून हसतात तसं हसून मान हलवली, आणि पुढे गायला लागला.

बबन नंतर जिन्यात अडवून म्हणाला, "ताई, थांबवा आता. लोकांम्होरं माणूस झिजताना दाखवतोय आपण. मला वाजवताना भ्या वाटतंय."

म्हटलं, त्याने वचन घेतलंय माझ्याकडून.

"ज्यानं घेतलं तो किती दिस हाय?"



मंगळवार, २७ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं लागली. आता माणसांची. हॉल पौषापर्यंत बंद. सुटले! इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

वहिनीने आता दुकानाची किल्ली स्वतःच्या कमरेला लावलीय. 

सोमवार, ३ डिसेंबर

शाळेत मॅनेजरचा फोन. "मॅडम, दादा गायला आलेत. इथे लग्न आहे. मुहूर्त बारा सत्तावीसचा. घेऊन जा."

येरवड्याहून रिक्षाने धावले. दादा नवरदेवाच्या खुर्चीत बसलेला. पांढरा शर्ट, भांग पाडलेला. मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे असतील, मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे. कुणीतरी अत्तर लावलं होतं, हातात पेढा दिला होता. खरा नवरदेव मुंडावळ्या बांधून शेजारी उभा, बिचारा संकोचून बोलत नव्हता.

मला पाहून दादा म्हणाला, "उशीर केलास. लोक आले बघ."

उठवलं मी त्याला. त्याच खुर्चीतून. सगळ्या वऱ्हाडासमोर हाताला धरून. तो आला निमूट, पण दारात थांबून परात शोधत होता.

हे वचन मोडण्यात जमा का? कुणाला विचारू?

रविवार, १३ जानेवारी

पौष लागला तसा मॅनेजरचा फोन आला आणि दादानेच उचलला. मग माझ्या हातात काही राहिलं नाही. बबन येणार नव्हता. आला. "मान बगायला कुणीतरी पायजे," म्हणाला.

हॉल भरून माणसं जिन्यापर्यंत. पहिली दोन गाणी चांगली झाली, म्हणजे आता जशी उरलीत तशी. मग ‘पाणी येऊन गेलं’. तिसरं कडवं. हात तोंडावर. सोळा मात्रा.

सोळा झाल्या. दादा पुढे गेला नाही.

वीस. बत्तीस. बबन थांबला. मी ड्रमच्या कड्यावर नुसती काडी वाजवत होते, त्याला परतायला वाट राहावी म्हणून. लोक हललेसुद्धा नाहीत. त्यांच्या लेखी हे गाणंच होतं. दादा हॉलकडे बघत होता. एवढी माणसं तोंडावर हात ठेवून का उभी आहेत हे त्याला कळत नव्हतं. घाबरला होता. बावीस वर्षांत त्याला स्टेजवर घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला काडी टाकून त्याच्याकडे जायचं होतं. गेले नाही. का गेले नाही?

मग तो वळला. मला शोधलं. आणि माइक तोंडासमोर असताना, बारीक आवाजात म्हणाला,

"वैशू, घरी जाऊ."

मग दीडशे-पावणेदोनशे माणसांनी तोंडावरचे हात काढले आणि एका सुरात, त्याच्याच बारीक आवाजात म्हटलं,

वैशू, घरी जाऊ.

मी काडी टाकली. नेलं त्याला. मागे टाळ्या थांबत नव्हत्या.

मंगळवार, १५ जानेवारी

संक्रांत. शाळेला सुट्टी. सकाळपासून दादाकडेच आहे, वहिनी तिळगूळ वळतेय.

नऊला हर्डीकर काकांचा फोन. म्हणाले, "कळतंय मला. पण ती ओळ पाठ झाली सगळ्यांना. मलासुद्धा. काय करू?" मी ठेवून दिला.

अकराला बबन. काही झालं तरी तो आता वाजवणार नाही. "शिव्या द्या, पण नाय." शिव्या कशाला देऊ.

बाराला मॅनेजर. पौषातला पुढचा रविवार रिकामा आहे. साड्यांच्या सेलवाले मागतायत, पण आधी आपला मान. पाचपर्यंत सांगा. वहिनीला विचारलं. ती लाडू वळत म्हणाली, "तिथे गेले की झोपतात तरी नीट. घरात रात्रभर काहीतरी शोधत असतात. पण परवा ते घाबरलेले तू पाहिलंस, मी नाही पाहिलं. तू ठरव."

मी ठरवू. नेलं तर ती दीडशे माणसं त्याला पुसून टाकतील, टाळ्या वाजवत. नाही नेलं तर तो कुणाच्या तरी लग्नात जाऊन बसेल, आणि मी दिलेला शब्द बसेल माझ्या मानेवर.

दुपारी दादा अंगणाकडच्या पायरीवर उन्हात बसला होता. गुणगुणत होता. पाय चालू होता, बरोबर लयीत. जवळ जाऊन बसले. नवीन शेवट म्हणत होता. दोनदा म्हटला, मग माझ्याकडे बघून खूश होऊन म्हणाला,

"चांगली ओळ सापडलीय. ही वैशू कोण पण?"

म्हटलं, ड्रम वाजवते तुमच्याकडे. तुमच्याकडे म्हणाले मी, अहो-जाहो.

"हां. मग तिला सांगा, रविवारी साडेनऊ म्हणजे साडेनऊ."

आता पावणेपाच. मॅनेजरचा फोन दोनदा वाजून गेला. दादा आत जाऊन शर्टाला इस्त्री करतोय, स्वतःच. कॉलर अगदी व्यवस्थित.